लांबी भरून झाल्यावर

खेळण्यातल्या विमानावर दिवाळी अंकात लेख लिहायचा म्हणजे संपादकांच्या सहनशीलतेची परीक्षाच. परंतु ही खेळणी घेणारी माणसे लहान नसतात. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानांच्या हुबेहूब प्रतिकृती करणारे बहुतेकजण माझ्यासारखे चाळिशी ओलांडलेले, चष्मा लावणारे, घरच्यांची बोलणी खाऊन रात्री अकरानंतर जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसणारे असतात. या मंडळींशी माझे भांडण आहे. मी त्यांच्यातलाच आहे, म्हणून जरा मोठ्या आवाजात भांडतो.

भांडणाला निमित्त मेसरश्मिट २६२ हे विमान. लढाईत उतरलेले हे पहिले जेट लढाऊ विमान. १८ जुलै १९४२ रोजी फ्रिट्झ वेंडेल या वैमानिकाने लाइपहाइमच्या धावपट्टीवरून ते केवळ जेट इंजिनांच्या बळावर प्रथम उडवले. ताशी सुमारे ८७० किलोमीटर वेग, नाकात तीस मिलिमीटरच्या चार तोफा, शार्क माशासारखे त्रिकोणी धड आणि मागे कललेले पंख. दिसायला देखणे आहे, यात वाद नाही. प्रतिकृती करणाऱ्यांत ते इतके लोकप्रिय आहे की, ज्याच्या कपाटात हे विमान नाही त्याला आमच्यात कच्चाच समजतात.

यंदा मी त्याची अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याची प्रतिकृती पुरी केली. हे पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वीस सेंटिमीटर भरते. ज्यांनी हा उद्योग कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे विमान तीन चाकांवर, नाक पुढे करून उभे राहते. प्लॅस्टिकचे मात्र शेपटीवर बसते. म्हणून धडाचे दोन भाग चिकटवण्यापूर्वी नाकात शिसे भरावे लागते. मी कोळ्यांच्या जाळ्याचे शिसे वापरतो. प्रत्येक इंजिनाच्या तोंडाशी एक टोपी असते आणि तिच्या मध्यभागी दोरी ओढायची इवलीशी कडी. जेट इंजिन सुरू करायला आत एक छोटे पेट्रोल इंजिन बसवलेले होते. ही कडी तारेची करायची की रंगवून भागवायचे, यावर भल्याभल्यांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

पण खरी परीक्षा सांध्यांची. पंख धडाला मिळतो तिथे, इंजिनांच्या वरच्या अंगाला, नाकाच्या खालच्या बाजूला फट राहतेच. तिथे लांबी भरायची (आमच्याकडचे रंगारी पुट्टीला लांबी म्हणतात), वाळू द्यायची, ओल्या पॉलिश कागदाने घासायची, बोट फिरवायचे, पुन्हा भरायची. चार रात्री यात जातात. शेवटी सांधा दिसेनासा झाला की, माणसाला जे समाधान मिळते ते दुसऱ्या कशात नाही. कादंबरीचे शेवटचे पान लिहूनही मला ते मिळालेले नाही.

आता माझा मुद्दा. खऱ्या विमानालाही अशीच लांबी भरत असत. १९४५ साली कारखान्यातून बाहेर पडलेल्या कित्येक मेसरश्मिटांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. उघडे ॲल्युमिनियम, आणि पत्र्याच्या प्रत्येक सांध्यावर ओढलेले लांबीचे फिकट पट्टे. वेग हवा म्हणून सांधे गुळगुळीत करायचे. रंग द्यायला पुढे कुणाला वेळ मिळाला तर मिळाला. सांधे इतके का भरावे लागत, हे आमच्या मंडळींना तोंडपाठ आहे. भाग निरनिराळ्या ठिकाणी तयार होऊन येत. इतके सांगून ते थांबतात. कोणत्या ठिकाणी, हे कुणी विचारीत नाही.

मी सांगतो. ऑगस्ट १९४३ मध्ये रेगेन्सबुर्गच्या कारखान्यावर अमेरिकन बाँब पडल्यानंतर हे काम जंगलांत, बोगद्यांत आणि डोंगरांच्या पोटात हलवू लागले. श्टुटगार्टजवळ लेओनबर्गला एंगेलबर्ग नावाचा मोटाररस्त्याचा बोगदा होता. तो दोन्ही तोंडांनी बंद करून आत दुमजली कारखाना थाटला आणि तिथे या विमानाचे पंख केले. १९४४ चा वसंत ते एप्रिल १९४५ या काळात तिथल्या छळछावणीतून सुमारे पाच हजार कैदी राबले. ऑस्ट्रियात सांक्ट गेओर्गेन या गावाखाली कैद्यांकडून आठ किलोमीटरच्या आसपास बोगदे खोदून घेतले. त्यांत धडे तयार होत. ते कैदी जवळच्याच गुसेनच्या छावणीतले. गुसेनच्या छावण्यांत १९४० ते १९४५ या काळात मिळून किमान पस्तीस हजार माणसे मेली. थुरिंगियात काहलाजवळ चिनीमातीच्या भांड्यांसाठी वाळू काढलेली एक टेकडी होती. तिच्या पोटात विमाने जोडायची, उतारावरून ओढून माथ्यावर न्यायची आणि माथ्यावरच्या धावपट्टीवरून उडवायची, असा बेत केला. इटली, पोलंड, रशिया, बेल्जियम येथून धरून आणलेली हजारो माणसे त्यापायी जुंपली. तिथून दोन डझनांच्या आसपास विमाने बाहेर पडली.

माझे मित्र म्हणतात, "मास्तर, हा छंद आहे. यात राजकारण कशाला आणता?"

वा! शेपटीच्या हिरव्या रंगात तपकिरी किती, यावर तुम्ही महिनाभर वाद घालता. विमानाचा अनुक्रमांक, वैमानिकाने पाडलेल्या शत्रुविमानांची संख्या, पुढच्या चाकाच्या टायरवरची नक्षी, यांपैकी काहीही चुकले तर तुम्हाला झोप येत नाही. अचूकपणा हाच ज्या छंदाचा धर्म, त्याने पंख कुणी केले एवढीच एक गोष्ट राजकारण म्हणून वगळावी? खिळ्यांची संख्या मोजायची आणि खिळे ठोकणारा मोजायचा नाही, याला मी अचूकपणा म्हणत नाही. जर्मनीत कायद्याने बंदी आहे म्हणून नाझींचे चिन्ह खोक्यावरच्या चित्रात नसते, आणि आतल्या चित्रांच्या कागदावर ते पुष्कळदा दोन तुकड्यांत दिलेले असते. तुम्ही ते भिंग लावून जुळवता. (आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाशी त्याचे नाते लावून उगाच अभिमान बाळगणारेही मला भेटतात. त्यांच्यासाठी वेगळा लेख लागेल.) जोडायचीच हौस असेल तर हे बोगदेही जोडा.

दुसरी एक जात 'जर-तर' वाल्यांची. हिटलरने या विमानाचे बाँबफेके करण्याचा हट्ट धरला नसता, तर म्हणे युद्धाचा निकाल फिरला असता. हे सांगताना त्यांच्या आवाजात जी हळहळ असते ती ऐकून माझ्या अंगावर काटा येतो. अहो, कसली हळहळ करता? हट्ट होता हे खरे. पण त्याहून मोठी अडचण इंजिनाची होती. निकेल नाही, क्रोमियम नाही. साध्या पोलादाला ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन ज्वलनकोठ्या केलेल्या. १९४४ च्या उन्हाळ्यापर्यंत इंजिने पुरेशी तयारच होत नव्हती, आणि झाली ती दहा ते पंचवीस तास चालत. एकंदर चौदाशेवर विमाने बांधली गेली, त्यांपैकी प्रत्यक्ष लढाईत उतरली ती थोडीच. ज्या देशात रस्त्यावरच्या पुस्तकविक्रेत्याकडे हिटलरचे आत्मचरित्र पाककृतींच्या पुस्तकाशेजारी मिळते, तिथे ही हळहळ निरुपद्रवी नाही. आठवीच्या वर्गात शिस्त कशी असावी म्हणून विचारले तर एखादा पोरगा हिटलरचे नाव घेतोच. तो ते घरून ऐकून आलेला असतो.

आणि मेसरश्मिटसाहेबांचे काय झाले? दोन वर्षे अटक. १९४८ साली न्यायमंडळाने त्यांना नुसता 'सहप्रवासी' ठरवले. पुढे त्यांच्या कंपनीने शिवणयंत्रे आणि तीन चाकांची छोटी मोटार काढली. आपल्याकडेही १९५६ साली त्यांच्याच पिढीतले कुर्ट टांक बंगलोरला आले आणि १९६१ मध्ये त्यांचे मारुत विमान उडाले. या माणसांची विद्या जगाने उचलून घेतली. बोगद्यातल्या माणसांची विद्या कुणी विचारली नाही, आणि त्यांच्यात लोहार, सुतार, शिक्षक, सर्व होते.

याच्या उलट टोकाला आमचे काही सात्त्विक मित्र आहेत. "असले विमान घरात ठेवूच नये," हा त्यांचा निकाल. हेही मला मान्य नाही. मी मॅट्रिक झालेला माणूस. मोठाले ग्रंथ वाचून मला जे कळले नसते ते या सांध्यांनी मला सांगितले. सव्वीस सेंटिमीटरच्या पंखाची फट भरताना माझी मान आखडते, डोळ्यांत पाणी येते. आणि मी जेवून, पंख्याखाली बसून हे करतो. पुस्तकातला 'पाच हजार' हा आकडा डोळ्यांखालून सरकून जातो. घासलेल्या बोटातून तो तसा सरकत नाही. वस्तू फेकून दिली तर प्रश्नही तिच्याबरोबर जातो.

तेव्हा विमान करावे. प्रश्न ते पुरे कसे करायचे हा आहे. मी ते कोणा शूर वैमानिकाच्या रंगात केले नाही. ३० मार्च १९४५ रोजी कंपनीचाच एक चाचणी-वैमानिक हान्स फाय याने १११७११ क्रमांकाचे नवे कोरे विमान फ्रांकफुर्टजवळ अमेरिकनांच्या ताब्यातल्या तळावर आणून उतरवले. अखंड स्थितीत दोस्तांच्या हाती आलेले हे पहिले. त्याला रंग नव्हता. उघडा पत्रा आणि लांबीचे पट्टे. पुढे १९४६ साली ते ओहायोत कोसळले. मी तेच केले. आधी चकचकीत काळा हात, त्यावर ॲल्युमिनियमचा, मग चिकटपट्टी लावून सांध्या-सांध्यावर राखी पिवळट रेषा. ज्या सांध्यांना लपवायला मी चार रात्री घालवल्या, तेच मी पुन्हा रंगाने उघडे केले. प्रदर्शनात याला बक्षीस मिळत नाही. "अर्धवट राहिलेले दिसते," असे परीक्षक म्हणतात.

शाळेच्या कपाटात ते ठेवले आहे. खाली पुठ्ठ्याची पाटी आहे. तिच्यावर विमानाचे नाव, वेग, तोफा, आणि मग दोन ओळी: पंख, लेओनबर्ग, बोगदा, धड, सांक्ट गेओर्गेन, बोगदा. करणारे कैदी. पाटी काढा, विमान राहू द्या, अशी सूचना मला दोनदा झाली आहे. विमान मी द्यायला तयार आहे; पाटीसकट.