फुकटची पत्रिका

मुलगा डिझाईन शिकायला लागला की घरचे म्हणतात, धंद्याला हातभार लागेल. मुलगी तेच शिकायला लागली की म्हणतात, लग्नापर्यंत मन रमेल. लष्करच्या दाना ओलीत, देवदर्शन करून परतताना, हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

आधी कॉलेजचं बोलू. भर बाजारातलं, दोन-चार वर्गांचं, खाली दुकानं आणि वर कॉलेज. मुलीला तिथे कोण घालतं? आपणच. अहमदाबादच्या एनआयडीचं नाव काढलं तर हॉस्टेल नको, जेवणाचं काय, सूर्यास्ताआधी ताट मिळेल का, अशा हजार शंका. आता भोपाळलाही एनआयडी आहे, पण तेही लांबच. चालत जाता येतं, दिवेलागणीच्या आत घरी येते, म्हणून हे निवडायचं. आणि मग ‘तिथे कसलं आलंय शिक्षण’ म्हणून नाक मुरडायचं. जवळचं आपणच निवडलं आणि जवळचं म्हणून हलकंही आपणच ठरवलं. हा कुठला न्याय?

आणि ज्या एनआयडीचा एवढा दबदबा, ती १९६१ साली उभी राहिली त्यात साराभाई या जैन घराण्यातल्या भावा-बहिणीचा, गौतम आणि गिरा यांचा, मोठा वाटा होता. गिराबेन तरुणपणी अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांच्या हाताखाली शिकून आल्या होत्या. त्यांचं काम कुणी ‘मन रमवणं’ म्हटलं असतं का?

इतक्या लांब तरी कशाला जायचं? पाठशाळेत आपण मुलांकडून घोकून घेतो: असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य, शिल्प. भगवान ऋषभदेवांनी सांगितलेल्या सहा कर्मांत शिल्प आहे, आणि त्याच्या पुढे ‘फक्त मुलांसाठी’ असं लिहिलेलं नाही. त्यांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक. अक्षराचं वळण आणि मोजमाप. डिझाईनच्या पहिल्या वर्षात दुसरं काय असतं?

सिद्धचक्र विधानाचं मंडल आठवा. पहिल्या दिवशी ८ अर्घ्य, मग १६, मग ३२, असं दुप्पट होत आठव्या दिवशी १०२४. सगळी मिळून २०४०. एवढं सगळं एका मांडणीत नीट बसवायचं, रंग एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत. जमिनीवर गुडघे टेकून ते भरणाऱ्या बायकांना कुणी डिझायनर म्हटलं नाही. ‘हात छान आहे हो’ एवढ्यावर बोळवण केली.

आता तोच हिशोब लेकींकडून वसूल चाललाय. ‘बेटा, क्षमावाणीचं कार्ड करून दे ना.’ ‘चातुर्मासाचा फलक तेवढा बघ.’ ‘ताईच्या लग्नाची पत्रिका, तू तर घरचीच!’ मांडववाल्याला आगाऊ रक्कम, हलवायाला आगाऊ रक्कम, छापखान्याला आगाऊ रक्कम. रात्र रात्र जागून चौथ्यांदा रंग बदलून देणाऱ्या मुलीला काय? ‘पुण्य लागेल.’ अहो, सेवा करणाऱ्याने आपल्या खुशीने करायची असते. दुसऱ्याने ती गृहीत धरायची नसते. न दिलेलं घेणं याला आपल्याकडे अदत्तादान म्हणतात. अणुव्रतांत तिसरं आहे ते. कुणाच्या तिजोरीला हात लावायला आपण घाबरतो आणि मुलीच्या कष्टांना सहज हात घालतो.

कॉलेजवाल्यांनाही दोन शब्द. फी घेऊन नुसतं सॉफ्टवेअर शिकवू नका. तयार नमुन्यात नाव बदललं की डिझाईन होत नाही. आपण ग्वाल्हेरात आहोत. मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या आहेत, किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पंधराव्या शतकातल्या जिनप्रतिमा आहेत, महाराज बाड्याच्या इमारती आहेत, सराफा आणि टोपी बाजार आहे. मुलींना वही देऊन तिथे बसवा. लहान कॉलेजला मोठी इमारत नसते, पण दाराबाहेर अख्खं शहर असतं. तेही वापरलं नाही, तर लोक टाईमपास म्हणतील आणि त्यांना उत्तर देता येणार नाही.

आणि आयांनो, आपल्या हातातलं आपण करू. शेवटच्या वर्षाच्या मधोमध लग्नाची तारीख धरू नका. मुहूर्त पुढच्या वर्षीही निघतात. बायोडेटात ‘कलेची आवड’ लिहू नका, ‘डिझायनर’ लिहा. आणि नात्यातली पत्रिका हवी असेल तर मुलीला आधी विचारा, ‘किती घेशील?’ तिने आकडा सांगितला की घासाघीस न करता निम्मे पैसे तिथेच हातावर ठेवा, छापखान्याला ठेवता तसे.