‘ब्र’ काढणाऱ्या नायिका

चळवळीत वावरणाऱ्या माणसाला कादंबरी वाचावयास सवड नसते, आणि सवड मिळालीच तरी जिच्या केंद्रस्थानी स्त्री आहे अशी कादंबरी हाती घेताना तो थोडा संकोचतो. मध्यमवर्गीय बायकांचा दुपारचा विरंगुळा, असा एक शेरा कार्यकर्त्यांच्या बैठकीत सहज ऐकू येतो. या शेऱ्यात तथ्याचा अंश आहे, आणि तो आधीच मान्य करून टाकणे बरे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ‘खंबीर नायिका’ हा पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा शिक्का होऊन बसला आहे. अशा कादंबरीतील नायिका नवऱ्याचे घर सोडते, नोकरीत वरच्या पायरीवर जाते, एकटीच प्रवासाला निघते, आणि कुठल्यातरी समुद्रकिनाऱ्यावर तिला आत्मभान येते. ती आत्मशोधास बाहेर पडली असता तिच्या मुलाला जेवू कोण घालते, ओट्यावरची भांडी कोण घासते, याची वार्ता कादंबरीत नसते. मोलकरीण पहिल्या प्रकरणात दार उघडते आणि पुढे तीनशे पानांत पुन्हा दिसत नाही. कोणाचीच गरज न उरणे म्हणजे खंबीरपणा, हा या लेखनाचा गृहीत सिद्धान्त आहे. तो मूलतः बाजाराचा सिद्धान्त असून स्त्रीमुक्तीशी त्याचे नाते फार दूरचे आहे.

परंतु या शेऱ्याच्या आडोशाने जे टाळले जाते ते अधिक गंभीर आहे. मराठी कादंबरी आपल्या बाल्यावस्थेपासून स्त्रीच्या प्रश्नाशी बांधलेली आहे. १८५७ साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले ते विधवांच्या दुःस्थितीवर. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ यमूच्याच तोंडून वदविली. १९३४ साली विभावरी शिरूरकरांच्या ‘हिंदोळ्यावर’मधील अचला नवऱ्याने टाकल्यावर रडत न बसता आपले आयुष्य आपण ठरवू लागली, तेव्हा सुशिक्षित महाराष्ट्राचे पित्त खवळले होते. पुढे उषाताई डांगे यांनी आपल्या आत्मकथेला ‘पण ऐकतं कोण?’ असे नाव दिले. गिरणी कामगार स्त्रियांत काम केलेल्या एका नेत्या बाईंना हरिभाऊंचाच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारावासा वाटला, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी जरा थांबून ध्यानात घेण्याजोगी आहे.

अलीकडच्या मराठी कादंबऱ्यांपैकी कार्यकर्त्याने प्रथम हाती घ्यावी अशी कादंबरी म्हणजे कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५). प्रफुल्ला ही घर सुटलेली, संसार विस्कटलेली बाई एका स्वयंसेवी संस्थेच्या कामानिमित्त आदिवासी भागात फिरते आणि पंचायतीत निवडून आलेल्या स्त्रियांचे अनुभव गोळा करते. ‘ब्र काढणे’ म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. बहुधा तो शब्द ‘काढलास तर याद राख’ अशा धमकीतच कानी पडतो. कादंबरीने तो शब्द धमकी देणाऱ्याच्या तोंडातून काढून घेतला आहे.

या कादंबरीची पार्श्वभूमी राजकीय आहे. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि पंचायतींतील किमान एक-तृतीयांश जागा स्त्रियांना राखीव झाल्या. २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. कायदा झाला की प्रश्न मिटला असे मानण्याची सवय डाव्या-समाजवादी मंडळींनाही आहे. ‘ब्र’ तेथूनच पुढे सुरू होते. सरपंचपदाची खुर्ची मिळालेल्या बाईला त्या खुर्चीवर बसू कोण देतो, तिच्या नावाने सही कोण करतो, ग्रामसेवकाचे दप्तर कोणाच्या घरी असते, हे प्रश्न कायद्याच्या पुस्तकात उमटत नाहीत. महाराष्ट्रातील दोन अपत्यांची अटच पाहा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झाले तर पंचायतीचे सदस्यत्व जाते. मूल होऊ द्यावे की न द्यावे हे ठरविण्याचा अधिकार ज्या घरात बाईला कधीच नव्हता, त्या घरातील बाईचे पद त्या मुलापायी जाते. कागदावर अट स्त्री-पुरुष दोघांना सारखीच आहे.

‘ब्र’चा दुसरा गुण असा की ती नायिकेच्या बाजूच्या लोकांनाही सोडत नाही. स्वयंसेवी संस्थांचे जग, त्यांचे अहवाल, त्यांच्या निधीच्या खटपटी, गरिबांच्या दुःखावर चालणारी त्यांतील काहींची दुकानदारी, हे सारे प्रफुल्लाच्या डोळ्यांसमोर उघडे पडत जाते. कादंबरी कधीकधी अहवालासारखी पसरते, हा आक्षेप खोटा नाही. मात्र त्या पसरटपणातून एक लाभही झाला आहे. प्रफुल्ला एकटी मोठी होत नाही. जिच्या-जिच्याशी ती बोलते तिचा थोडाथोडा धीर तिच्या अंगात उतरतो. मलपृष्ठावरच्या नायिकेहून ती वेगळी ठरते ती येथे. कविता महाजन २०१८ साली गेल्या. हा धागा पुढे नेणारी लेखणी अकालीच थांबली.

मराठीबाहेर पाहावयाचे तर इटलीतील नेपल्स शहरावरील एलेना फेरान्ते यांच्या चार खंडांच्या कादंबरीचा विचार थोडा विस्ताराने करावा लागेल. हे खंड २०११ ते २०१४ या काळात निघाले. लेखिकेचे नाव टोपणनाव आहे, आणि त्यामागील व्यक्ती कोण याची वृत्तपत्री चर्चा बरीच झाली. त्या चर्चेत कामगार-कार्यकर्त्याला रस असण्याचे कारण नाही. कथा दोन मैत्रिणींची आहे. एलेना ही नगरपालिकेतील द्वारपालाची मुलगी. ती शिकत जाते आणि लेखिका होते. लीला ही चांभाराची मुलगी. ती दोघींत अधिक बुद्धिमान, पण प्राथमिक शाळेनंतर तिचे शिक्षण थांबते. श्रीमंत किराणा व्यापाऱ्याशी झालेले लग्न मोडून लीला अखेर शहराच्या कडेला असलेल्या एका मांसाच्या कारखान्यात मजुरी करू लागते. पदरी लहान मुलगा. थंडगार कोठारात काम करून हात फाटतात, मजुरी अपुरी मिळते, आणि मांस सुकविण्याच्या खोलीत मालक बायकांच्या अंगाला हात लावतो.

तिसऱ्या खंडातील एक प्रसंग प्रत्येक अभ्यासशिबिरात वाचून दाखवावा असा आहे. काळ १९६८च्या आसपासचा, विद्यार्थी आणि कामगार एकत्र येऊ लागल्याचा. लीला एका सभेला जाते. तेथे सुखवस्तू घरांतील तरुण-तरुणी कामगारवर्गाविषयी उत्साहाने बोलत असतात. बोलावयाचा आग्रह झाल्यावर लीला कारखान्यात काय चालते ते साध्या, कोरड्या शब्दांत सांगून टाकते. सभा भारावते. दुसऱ्या दिवशी ती कामावर जाते तो फाटकाशी तेच विद्यार्थी पत्रके वाटीत उभे, आणि पत्रकात तिचेच शब्द! तिला कोणी विचारलेले नव्हते. विद्यार्थी संध्याकाळी घरी जाणार. मालकापुढे उभे राहावयाचे ते तिला. संताप लीलाला येतो तो मालकाइतकाच या मित्रांचाही. तरीही ती माघार घेत नाही. ती मागण्या स्वतः लिहून काढते, मैत्रीण एलेना साम्यवादी पक्षाच्या ‘उनिता’ या दैनिकात कारखान्यावर लेख लिहिते, आणि प्रकरण पेटते. पण या सगळ्यात लीलाचे शरीर थकते, घरी आल्यावर मुलाचे पाहावयाचे असते, आणि पुढे ती कारखाना सोडून देते.

कामगाराचे शब्द उचलून पत्रक काढणे हे कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याचे रोजचे काम आहे. ते आवश्यकही आहे. ते वाटल्यानंतर फाटकाच्या आत काय घडते याचा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. फेरान्ते चळवळीची टवाळी करीत नाहीत. कारखान्यातील अन्याय त्यांनी तितक्याच कठोरपणे रेखाटला आहे. त्या केवळ फाटकाच्या आतल्या बाजूने पाहतात. लीलाचा खंबीरपणा हा गुण म्हणून मिरविण्याची सोयही त्या वाचकाला देत नाहीत. लीला क्रूर होते, मैत्रिणीला घायाळ करते, हातातले काम मध्येच टाकते. अशी नायिका ज्याला नकोशी वाटेल त्याने आपल्या मनातील आदर्श कामगार स्त्री कोठून आली हे तपासावे.

दक्षिण कोरियातील चो नाम-जू यांची ‘किम जी-यंग, जन्म १९८२’ (२०१६) ही छोटी कादंबरी याच्या अगदी उलट टोकाची. हिच्या नायिकेला खंबीर म्हणताच येणार नाही. ती शिकते, नोकरी करते, मूल झाल्यावर नोकरी सोडते आणि एके दिवशी स्वतःच्या आईच्या आवाजात बोलू लागते. आईने भावांच्या शिक्षणासाठी स्वतःची शाळा सोडून कापड कारखान्यात काम केलेले असते. कथन एका पुरुष मनोविकारतज्ज्ञाच्या टिपणाच्या रूपात असून मध्येच आकडेवारीच्या तळटीपा येतात. वाङ्मयीन रसिकांना हे रुक्ष वाटले. पण त्या देशात पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. डाव्या जस्टिस पार्टीचे नेते रो हो-चान यांनी २०१७ साली नवे राष्ट्राध्यक्ष मून जे-इन यांना ही कादंबरी भेट दिली. पक्षाच्या नेत्याने राष्ट्रप्रमुखाला द्यावयाची वस्तू म्हणून जाहीरनाम्याऐवजी कादंबरी निवडावी, याचे अप्रूप वाटते. शेवटी सारे समजून घेणारा तो डॉक्टरच, आपल्या दवाखान्यातून गरोदर सहकारी नोकरी सोडून गेल्यावर, तिच्या जागी अविवाहित मुलगी घ्यावी असे मनाशी ठरवितो. जी-यंगचे बळ त्या निमूट नोंदीत आहे. भारतात २०१९च्या वेळवापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे व पुरुष ९७ मिनिटे देतात असे आढळले; २०२४च्या पाहणीत हेच आकडे २८९ आणि ८८ आले. पुरुषांचा वाटा दीड तासावरूनही खाली घसरला आहे. सदस्य-नोंदणीच्या अर्जात कार्यकर्त्याच्या या मिनिटांसाठी रकाना नसतो.

सर्वांत अवघड पुस्तक शेवटी. मीना कंदसामी यांची ‘व्हेन आय हिट यू’ (२०१७) ही इंग्रजी कादंबरी एका निनावी लेखिकेच्या चार महिन्यांच्या वैवाहिक जीवनाची आहे. नवरा महाविद्यालयात शिकवितो, मार्क्सवादी आहे, गतकाळातील सशस्त्र क्रांतिकार्याचा दाखला देतो. तो तिला मंगळुरास नेतो. तेथली भाषा तिला येत नाही. तो तिचा संगणकावरचा पत्रव्यवहार ताब्यात घेतो, मित्रांशी संबंध तोडावयास लावतो, तिच्या लेखनाला भांडवली विकृती ठरवितो, आणि मारतो. प्रत्येक मारहाणीस क्रांतीच्या परिभाषेचे समर्थन असते. आईवडील सांगतात की थोडे सोसावे.

हे पुस्तक शत्रुपक्षाच्या हाती शस्त्र देते, असा आक्षेप येणारच. त्याला उत्तर आहे. याच लेखिकेने २०१४ साली ‘द जिप्सी गॉडेस’ ही कादंबरी लिहिली ती १९६८ सालच्या किळवेण्मणी हत्याकांडावर. तंजावर भागात मजुरीवाढीसाठी लाल बावट्याखाली उभ्या राहिलेल्या दलित शेतमजुरांच्या कुटुंबांतील ४४ जणांना, त्यांत बहुसंख्य बायका-मुले, तेथे झोपडीत कोंडून जाळण्यात आले. त्या शेतमजुरांची बाजू घेऊन जिने लिहिले, तिला चळवळीची वैरीण म्हणता येत नाही. आणि समजा, एखाद्या वैरिणीनेच हे लिहिले असते, तरी मारहाण खोटी ठरली असती काय? पक्षातील पुरुषाने घरी हात उचलला की शेजारच्या सहकाऱ्याला ते कळते, तालुक्याच्या चिटणीसालाही कळते. ‘त्यांचा घरगुती मामला’ हे शब्द तेव्हा उच्चारले जातात, आणि ते उच्चारणारी माणसे एरवी खासगी मालमत्तेविरुद्ध बोलत असतात. कंदसामींच्या नायिकेचा खंबीरपणा एवढाच की ती जिवंत बाहेर पडते आणि लिहिते. बाहेर पडताना तिच्या पाठीशी कोणती समिती नसते, कोणते मंडळ नसते.

या चारही कादंबऱ्या निर्दोष नाहीत. फेरान्तेंचा विस्तार दमविणारा आहे, आणि चो नाम-जू यांच्या तळटीपा कथेचा ओघ तोडतात. ‘ब्र’ सोडता बाकीच्या बहुतेक मराठी वाचकांपर्यंत इंग्रजीतून पोहोचतात, त्यामुळे त्या शहरी कार्यकर्त्यांतच अडकून राहतात. निदान लीलाच्या पत्रकाचा आणि ‘ब्र’मधील सरपंचबाईंचा भाग तालुक्याच्या शिबिरात मोठ्याने वाचला जावा. त्या वेळी स्वयंपाकघरात चहा करीत असलेल्या बायकांनाही बाहेर बोलवावे, आणि चहा त्या दिवशी दुसऱ्या कोणी तरी करावा.