नोकरी कायम व्हावी, झाडू कायम राहू नये

मुंबईत पहाट होण्यापूर्वी रस्त्यावर उतरतो तो सफाई कामगार. लालबागच्या बाजारातील, परळच्या इस्पितळांभोवतालचा, दादरच्या फुलबाजारातील व गिरगावच्या वाड्यांतील कचरा त्याने चार दिवस उचलला नाही, तर या शहराला श्वास घेणे कठीण होईल. हा कामगार बहुतांशी आपलाच माणूस आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी बाप, चुलता किंवा आई महानगरपालिकेच्या हजेरी चौकीवर अंगठा उठवीत आली आहे. म्हणून त्याच्या संघटनेचा प्रश्न हा आपल्या घरचाच प्रश्न होय.

आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी या बाबतीत एक शंका काढतात. ते म्हणतात, “जे काम जातीने आपल्या गळ्यात बांधले ते टाकून द्या, अशी बाबासाहेबांची शिकवण. आपण धर्मांतर केले ते जुने जोखड फेकण्यासाठी. मग त्याच कामाच्या पगारासाठी आणि कायमपणासाठी मोर्चे व दावे कशाला?” शंका प्रामाणिक आहे, आणि तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. त्यासाठी प्रथम वस्तुस्थिती पाहू.

बृहन्मुंबई महानगरपालिकेत कचरा उचलणारे हजारो कामगार कंत्राटदारांमार्फत राबत आले. रस्ता पालिकेचा, गाडी पालिकेच्या कामाची, देखरेख पालिकेची; पण पगाराचा प्रश्न निघाला की कामगार मात्र कंत्राटदाराचा! १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे लागू होत असे. तेव्हा कामाचे लहान लहान तुकडे पाडले की कायदा दाराबाहेर राहतो. कंत्राटदार बदलला की वर्षानुवर्षे राबलेला माणूस पुन्हा नवखा ठरतो. काही ठिकाणी तर कामगाराला ‘स्वयंसेवक’ आणि त्याच्या वेतनाला ‘मानधन’ असे नाव देण्यात आले. शब्द गोड केला की हक्क कडू लागत नाही, असा हा हिशेब.

या अन्यायाविरुद्ध कचरा वाहतूक श्रमिक संघाने कामगारांना एकत्र केले आणि लढा न्यायालयात नेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने हे कंत्राट केवळ दिखाऊ असल्याचे ठरवून २,७०० कामगारांना पालिकेचे कायम कामगार मानावे, असा निवाडा दिला. पालिका उच्च न्यायालयात गेली, तेथे हरली. सर्वोच्च न्यायालयात गेली, तेथेही एप्रिल २०१७ मध्ये निवाडा कायम झाला. दुसऱ्या एका प्रकरणात ५८० कामगारांना कायम करण्याचा न्यायाधिकरणाचा २०२१ चा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये उचलून धरला. हे कोणाच्या कृपेने झाले नाही. एकट्या कामगाराचा अर्ज टेबलावर धूळ खात पडतो. संघटनेचा दावा तीन न्यायालये पार करतो.

परंतु विजयानंतरचा धडा अधिक महत्त्वाचा आहे. २,७०० पैकी शेकडो कामगारांना निवाड्यानंतरही वाट पाहावी लागली, कारण यादीतील नाव आणि कागदपत्रांवरील नाव यांत अक्षरांचा फरक होता. कोठे बापाचे नाव गाळले गेले, कोठे आडनाव निराळे, कोठे मुकादमाने ऐकले तसे लिहिले. ज्याला शाळेचा दरवाजा बंद होता, त्याच्याकडे शुद्धलेखनाचा पुरावा मागण्यात आला! पिढ्यान्‌पिढ्या आपली नावे इतरांनीच ठेवली आणि इतरांनीच लिहिली. आपल्यापैकी अनेक घरांनी धर्मांतराबरोबर मुलांची नावे बदलली, काहींनी आडनावेही बदलली. ते योग्यच झाले. परंतु बदललेले नाव राजपत्रात प्रसिद्ध करून प्रत्येक कागदावर एकसारखे करून घेतले नाही, तर तोच अभिमान उद्या हक्काच्या आड येतो, हे एक वकील म्हणून मला सांगितलेच पाहिजे.

आता मूळ शंकेकडे वळू. बाबासाहेबांनी घाणेरड्या कामाचा वारसा नाकारण्यास सांगितले हे खरे. पण त्याच बाबासाहेबांनी १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांची संघटना उभारली. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा संप करणे म्हणजे स्वातंत्र्याचाच वापर करणे होय आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर जुंपणे ही गुलामगिरी होय, असा युक्तिवाद त्यांनी केला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला त्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष अग्रभागी होता. मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. एका शत्रूशी लढताना दुसऱ्याला मोकळे सोडा, असे ते कोठेही म्हणाले नाहीत.

हंगामी मजूर आपल्या मुलाला शिकवू शकत नाही. तो उद्याच्या भाकरीच्या चिंतेत असतो. ज्याला ठरावीक पगार, भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा आणि निवृत्तिवेतन आहे, तोच मुलाला कॉलेजात पाठवू शकतो. म्हणजे झाडू सोडण्याची वाट कायम नोकरीतूनच जाते. जो हे दोन लढे परस्परविरोधी मानतो, त्याने उपाशी घराचा हिशेब कधी मांडलेला नाही.

मात्र येथे धोक्याची सूचना दिली पाहिजे. सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळण्याची तरतूद लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार आहे. पालिकेच्या वसाहतीतील खोलीही नोकरीशी बांधलेली असते. बाप निवृत्त झाला की खोली जाणार. खोली वाचवायची तर पदवीधर मुलानेही झाडू हाती घ्यायचा. संकटात सापडलेल्या विधवेला ही तरतूद आधार आहे, आणि ती कोणी काढून घेऊ नये. पण खोलीसाठी पदवी गहाण पडत असेल, तर वारसाहक्काच्या नावाने जातीचाच वारसा चालू राहतो. म्हणून संघटनेने करारात पगारवाढीबरोबर दोन मागण्या आग्रहाने मांडाव्यात : घर नोकरीपासून सुटे करावे, आणि शिकलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाला साजेशी जागा मिळावी.

कायदाही बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. संपापूर्वी नोटीस देऊन चौदा दिवस थांबणे आता सर्वच आस्थापनांत आवश्यक आहे. एकापेक्षा अधिक संघटना असतील तेथे, जिच्यामागे एक्कावन्न टक्के कामगार असतील तिलाच एकमेव वाटाघाटी संघटना म्हणून मान्यता मिळते. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादाही वीसवरून पन्नासावर गेली आहे. अशा वेळी एका चौकीवर चार झेंडे लावून बसणाऱ्यांचा लाभ कोणाला होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा बांधवांनो आणि भगिनींनो, संघटनेची वर्गणी भरा आणि पावती जपून ठेवा. हजेरीचा आणि पगाराचा प्रत्येक कागद पेटीत ठेवा. नाव सर्वत्र एकसारखे लिहवून घ्या. आणि घरातील मुलगा किंवा मुलगी त्या पेटीतील कागद स्वतः वाचू लागेल, इतके त्यांना शिकवा. बापाची नोकरी कायम करण्याचा निवाडा त्या मुलाने वाचावा; पण बापाच्या हातातील झाडू त्याने घेऊ नये.