विश्लेषण : एक आरा तुटला तरी सायकल दामटावी का?

सांताक्रूझच्या एस. व्ही. रोडवर किंवा वाकोल्याच्या एखाद्या गल्लीत सायकल खड्ड्यात आदळते, ‘टण्’ असा आवाज येतो आणि मागचे चाक किंचित डुलू लागते. सायकल मात्र चालतच राहते. ‘बाकीचे ३५ स्पोक आहेत की’ असे म्हणत बहुतेक जण पुढे निघतात. सायकल एमटीबी असेल, तर हा भरवसा आणखी वाढतो. तो कितपत खरा आहे?

आरा नेमके काय काम करतो?

बैलगाडीच्या चाकातले लाकडी आरे खांबासारखे असतात, खालचा आरा वजनाचा दाब सोसतो. सायकलची बारीक तार दाब सोसू शकत नाही, ती वाकते. म्हणून प्रत्येक आरा निपल आवळून आधीच ताणून ठेवलेला असतो. डाव्या बाजूचे आरे रिमला डावीकडे ओढतात, उजवीकडचे उजवीकडे. या रस्सीखेचीतून चाक सरळ राहते. ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना ब्रिटिश संशोधक जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये मांडली, तीही उडणाऱ्या यंत्रासाठी. एक आरा तुटला की ही रस्सीखेच बिघडते, रिम विरुद्ध बाजूला सरकते आणि चाक ‘आऊट’ होते.

आरा खड्ड्यामुळेच तुटतो का?

खड्डा हे बहुतेकदा शेवटचे निमित्त असते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात खालचे आरे क्षणभर सैल होतात आणि पुन्हा ताणले जातात. २६ इंची चाक किलोमीटरभरात सुमारे ५०० फेरे घेते. तीच तार रोज हजारो वेळा सैल-ताठ होत थकते आणि हबजवळच्या वाकड्या टोकाशी तुटते. आधीपासून सैल असलेला आरा जास्त हेलकावे खातो, म्हणून तो लवकर जातो. मागच्या चाकावर स्वाराचे वजन अधिक असते, पेडलचा जोरही तिथेच लागतो. त्यात गिअरच्या दात्यांना जागा देण्यासाठी उजवीकडचे आरे जास्त ताणलेले असतात. सांताक्रूझ पश्चिमेला जुहूचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांची भर पडते. साध्या आऱ्याला गंज चढतो आणि निपल जाम होतात.

मग एमटीबी जास्त मजबूत नाही का?

रुंद टायर आणि पुढचे शॉकअप धक्का कमी करतात, हे खरे. पण चाकाची ताकद नावावर ठरत नाही; आऱ्यांची संख्या, त्यांचा दर्जा आणि सारखा ताण यांवर ठरते. डबेवाले वापरतात तशा जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असत. तिचा एक गेला तरी ओझे वाटून घ्यायला बाकीचे बरेच उरत. एमटीबीला साधारण ३२ किंवा ३६ असतात, काही हलक्या चाकांना त्याहूनही कमी. शिवाय डिस्क ब्रेकचा जोर हबवर लागतो आणि तो आऱ्यांमधूनच रिमपर्यंत जातो. म्हणजे अशा सायकलचा स्वार ब्रेक दाबतो तेव्हाही तुटलेल्या आऱ्याचे काम शेजाऱ्यांवर पडते. खोक्यातून आलेली स्वस्त एमटीबी घरीच जोडली जाते, तिच्या आऱ्यांचा ताण कोणी तपासतही नाही.

वाटेत आरा तुटला तर काय करावे?

आधी थांबावे. तुटलेला तुकडा काढून टाकावा किंवा शेजारच्या आऱ्याला गुंडाळून चिकटपट्टी लावावी. तो साखळीत, गिअरमध्ये किंवा डिस्कमध्ये अडकला तर चाक जागीच बंद पडते. मग चाक उचलून फिरवावे. ते फ्रेमला किंवा ब्रेकच्या रबराला घासते का, हे पाहावे. स्पोकची चावी जवळ असेल तर तुटलेल्या आऱ्याच्या दोन्ही बाजूंचे आरे अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत, डुलणे कमी होते. घासते म्हणून ब्रेकच मोकळा करून गर्दीत शिरणे हा मात्र वेडेपणा ठरेल. मागचा एकच आरा गेला असेल आणि चाक मोकळे फिरत असेल, तर डबलसीट न घेता, हळू, खड्डे टाळत जवळच्या दुकानापर्यंत किंवा घरापर्यंत जाता येते. पुढचा आरा तुटला असेल, एकापेक्षा जास्त गेले असतील किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात खड्डाच दिसत नसेल, तर उतरून चालत जाणे बरे.

दुरुस्ती पुढे ढकलली तर?

आज एक गेला की शेजारचे दोन जास्त राबतात, मग त्यांतला एक जातो. शेवटी रिमच वाकते आणि एका आऱ्याच्या कामाचे पूर्ण चाक बदलण्याचे काम होते. वॉचमन, दूध-पेपर टाकणारी मुले, डबेवाले यांच्यासाठी तो रोजच्या कमाईचा प्रश्न असतो. आरा स्वस्त असतो. मोल असते ते आऊट काढणाऱ्या कारागिराच्या हाताचे. नवा आरा टाकून सगळ्या चाकाचा ताण सारखा करणारा, तारेला टिचकी मारून आवाजावरून सैल आरा ओळखणारा माणूस फुटपाथवरून कमी होत गेला, तर सायकलवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आल्याचा आनंद अर्धाच राहील. आणि एकामागोमाग आरे तुटू लागले, तर सगळेच थकले आहेत असे समजून चाक नव्याने बांधून घ्यावे.

सारा दोष सायकलस्वाराचाच?

नाही. सायकलस्वार खड्डा चुकवायला वळला की मागून बस किंवा रिक्षा असते, न चुकवावा तर चाक जाते. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. त्याच वर्षी सांताक्रूझच्या शेजारच्या वांद्रे-कुर्ला संकुलातला सायकल ट्रॅक हटवून रस्ता रुंद करण्याचे एमएमआरडीएने ठरवले. एकीकडे पडल्यावर भरपाई आणि दुसरीकडे न पडता जाण्याची वाटच काढून घेणे, हे धोरण उलटे आहे. सायकलसाठी निदान रस्त्याची डावी कड सपाट ठेवणे, पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्यातली पायरी बुजवणे एवढे तरी पालिकेने करावे.

तोवर सायकलस्वाराच्या हाती एवढेच आहे : आठवड्यातून एकदा चाक फिरवून पाहावे, आरे बोटाने छेडून पाहावेत आणि तुटलेल्या आऱ्यावर फक्त दुरुस्तीपर्यंतच जावे. दुसऱ्या दिवशी त्याच चाकावर कामाला निघू नये.