पुराची दवंडी आणि दावणीचीं जनावरें

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा या नद्यांस आलेला महापूर आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. सांगलीस आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात; त्या वर्षीं पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें. पुढें २०२१ च्या जुलैंत पुन्हां तसाच प्रसंग गुदरला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या दोन्ही वेळीं धांवून आल्या. २०१९ सालीं तर सैन्य व नौदल यांचेही जवान आले. भगिनींनीं त्यांस राख्या बांधल्या, हारतुरे झाले, छायाचित्रें निघालीं. हें सर्व योग्यच झालें. परंतु या उपकाराची फेड कशानें होईल, याचा विचार आपणां नदीकांठच्या शेतकऱ्यांत फारसा झालेला दिसत नाहीं. म्हणून हे चार शब्द लिहीत आहों.

तलाठी, कोतवाल व पोलीसपाटील दारोदार सांगत येतात, ध्वनिक्षेपकावरून दवंडी फिरते, तेव्हां पुष्कळ घरांतून उत्तर मिळतें कीं, २००५ सालीं पाणी ओट्याखालींच थांबलें होतें, यंदाही थांबेल. त्या सालची खूण २०१९ च्या पाण्यानें बुडवून टाकली, तरी हें उत्तर अद्याप ऐकूं येतें. मग मध्यरात्रीं पाणी उंबऱ्याशीं येतें आणि अंधारांत, तारा व झाडेंझुडपें पाण्याखालीं दडलेलीं असतां, कोणा परक्या गांवच्या जवानास आपल्यासाठीं होडी घालावी लागते.

याच्या मुळाशीं निव्वळ हट्ट आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. घर सोडवतें, पण दावण सोडवत नाहीं. डेअरीस दूध घालून ज्याचा संसार चालतो, त्यानें दुभती म्हैस कोणाच्या भरंवशावर टाकावी? म्हणून घरचा कर्ता पुरुष मागें राहतो आणि त्याच्यासाठीं म्हातारी आईही राहते. आतां रबरी होडींत म्हैस बसत नाहीं, ही गोष्ट कोणत्याही अधिकाऱ्यास बदलतां येणारी नव्हे. जनावर जावयाचें तें आपल्या पायांनीं व कोरड्या रस्त्यानेंच जाणार. आयर्विन पुलावर इशाऱ्याची पातळी ४० फूट आहे. तेथपासून ४५ फुटांपर्यंत जो अवधि मिळतो, तो जनावरांचा होय. तो आपण नदीचें पाणी पाहत पुलावर उभे राहून घालवितों. नदीकांठची मोटार काढावयाची तीही याच अवधींत काढावी. पाणी चढल्यावर तिच्यासाठीं प्रवाहांत उतरूं नये.

८ ऑगस्ट २०१९ रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें क्षमतेहून अधिक माणसें बसलेली होडी उलटून बायकामुलांसह अनेक जीव गेले. त्या दुर्दैवी माणसांस बोल लावण्याचा अधिकार कोणासही नाहीं. परंतु गांवाभोंवतीं पाण्याचा वेढा पडल्यावर पुढील सर्व कांहीं होडीच्या मापावर येऊन ठेपतें, हें त्या दिवशीं दिसून आलें.

सरकारी बाजू सदैव बिनचूक असते, असेंही नव्हे. धरणांतून अमुक हजार क्युसेक पाणी सोडलें, एवढ्या बातमीनें शेतकऱ्यास कांहीं उमगत नाहीं. तें पाणी आपल्या गांवच्या वेशीस किती वाजतां लागेल, हें त्यास सांगितलें पाहिजे. तसेंच माणसांसाठीं शाळा उघडून द्यावयाची आणि जनावरांच्या छावणीचा व वैरणीचा विचार मागाहून करावयाचा, हा क्रम उलटा आहे. छावणी आधीं उघडली तर निम्मीं माणसें न सांगतां निघतील.

महसूल कचेरींत आमची नोकरी झाल्यामुळें आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. जवानांचें कौतुक सर्व करतात. पण ज्याचें स्वतःचें घर पाण्यांत आहे असा तलाठी किंवा कोतवाल दुसऱ्यांच्या घरांचे पंचनामे करीत चिखल तुडवितो, त्याच्या वाट्यास बहुधा शिव्याच येतात. खांबावर चढून वीज सुरू करणाऱ्या तारमार्गाच्या कामगाराचीही तीच गत. पंचनाम्यांत उभ्या भिंतीस पडलेली भिंत म्हणून लिहावयास लावणारे कांहीं लोक प्रत्येक गांवीं निघतात. त्यामुळें फेरतपासणी निघते आणि ज्याचें घर खरोखरच बसलें, त्याचें सानुग्रह अनुदान खोळंबतें. अशा वेळीं शेजाऱ्यांनीं गप्प बसणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

आपल्या संघाच्या नदीकांठच्या सभासदांनीं ज्येष्ठ लागण्यापूर्वींच एकत्र बसून कोणाचीं किती जनावरें, तीं माळावरील कोणत्या गांवीं व कोणाच्या गोठ्यांत जावयाचीं, वैरण कोण देणार, आणि अंथरुणास खिळलेलीं व गरोदर अशीं माणसें कोणत्या घरीं आहेत, याची यादी करावी. माळावरच्या सोयऱ्यांस त्याच वेळीं विचारून ठेवावें. यादीची एक प्रत तलाठ्याकडे व एक पोलीसपाटलाकडे द्यावी, म्हणजे पहिली दवंडी फिरतांच कोणाच्या दाराशीं आधीं जावयाचें हें त्यांस विचारीत बसावें लागणार नाहीं.