सगळं नेटवर आहे म्हणे!

"अरे, सगळं नेटवर आहे. त्या तबकड्या नि कॅसेटी कशाला सांभाळायच्या?" जुन्या ध्वनिमुद्रणांचा विषय निघाला की आमच्या पिढीतला कुणीतरी हे वाक्य टाकतोच. डहाणू लोकलमध्ये कानात इअरफोन खुपसून बसलेल्या कुणालाही विचारा. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. कारण ते खोटं आहे, आणि डेटाबेसवर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी ते कळायला हवं.

जरा मागे जाऊ. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करायला बसला. गौहर जानच्या त्या काळच्या तबकड्यांमध्ये गाणं संपता संपता बाई स्वतःचं नाव सांगतात, तेही इंग्रजीत. हा नखरा नव्हता. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या तंत्रज्ञाला गाणारं कोण ते कळावं म्हणून ही सोय. म्हणजे ऑडिओतच मेटाडेटा! आणि सव्वाशे वर्षांनी आपण काय करतो, तर 'रेअर ओल्ड साँग 7' नावाची फाईल चढवतो. गायिका कोण, साल कुठलं, साथीला कोण, काही पत्ता नाही. प्रायमरी की नसलेल्या टेबलाला ऑफिसात आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

तबकडीला ती की असते. लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स नंबर. त्यावरून ध्वनिमुद्रणाचा काळ नि जागा शोधता येते. आता हे नंबर जुळवून 1899 ते 1908 मधल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय ध्वनिमुद्रणांची यादी कुणी केली? मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन माणसानं. 1994 साली ती पुस्तकरूपानं आली. आपल्या आजी-पणजीच्या गाण्यांची यादी करायला माणूस आला ऑस्ट्रेलियातून!

सरकार करेल म्हणता? 1954 च्या कायद्यानुसार छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयांना द्यावी लागते. त्या कायद्यात ध्वनिमुद्रिका नाहीत. म्हणजे पुस्तक जपायची सक्ती आणि गाणं मात्र रामभरोसे.

मग केलं कुणी? नोकऱ्या करणाऱ्या माणसांनी. 1990 मध्ये मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू झाली. किनियर त्यात होतेच, आणि संस्थेचा गाडा ओढला सुरेश चांदवणकर यांनी. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ होते. एकत्र बसून तबकड्या ऐकायच्या, त्यांवर बोलायचं, आणि ऐकलेलं लिहून ठेवायचं. 1991 पासून 'द रेकॉर्ड न्यूज' हे त्यांचं नियतकालिक निघू लागलं. पुढे सोलापूर, तुळजापूरसारख्या ठिकाणीही बैठका होऊ लागल्या. याचे जुने अंक आज नेटवर फुकट वाचता येतात. येतात, कारण आधी कुणीतरी तबकडी हातात घेऊन, भिंगातून नंबर वाचून ते लिहिलं. नेटवर आपोआप काही उगवत नाही हो!

"पण संग्राहक म्हणजे म्हातारे, साठेबाज लोक," असा एक टोमणा असतो. काही असतीलही. आणि तो संग्राहक गेला की घरचे सगळं भंगारात घालतात, हेही खरं. पण म्हणूनच मंडळ हवं. एका माणसाचं कपाट म्हणजे बॅकअप नव्हे. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तिची तबकडी तेव्हा बाजारात मिळेना. शेवटी ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडली. ते दुकान नसतं तर?

आता आपल्या गावाकडे या. तारापूरचं अणुवीजकेंद्र सुरू झालं 1969 मध्ये. चांदवणकरांची संस्था आणि हे केंद्र, दोन्ही एकाच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखालची. तेव्हा 'इकडे तसली माणसं नाहीत' ही सबब चालणार नाही. केंद्र आणि एमआयडीसी यांच्यामुळे बोईसरला देशभरातली माणसं आली, आपापली गाणी घेऊन आली. शिवाय इथलं स्वतःचं आहेच: वारल्यांचा तारपा, वाडवळांची लग्नातली गाणी, मांगेल्यांची गाणी, गावोगावची भजनी मंडळं. यातलं जे कुणी हौसेनं घरच्या टेपरेकॉर्डरवर घेतलं असेल, त्याची बहुधा एकच प्रत असते. कुठल्याही कंपनीनं ती काढलेली नाही, त्यामुळे कुठल्याही ॲपवर ती येणार नाही. आणि खाऱ्या दमट हवेत ती टेप बुरशी धरते. ज्यांनी ती भरली त्यांची वयंही आता सत्तरीच्या पुढची. आवाज ओळखणारं माणूस गेलं की उरलेली कॅसेट नुसतं प्लास्टिक.

काम फार अवघड नाही. एक बरा डेक, साफ केलेलं हेड, लॅपटॉप. 96 किलोहर्ट्झ, 24 बिटनं भरलं तर तासाची कॅसेट साधारण 2 जीबी होते. शंभर कॅसेटी 200 जीबी, तेवढे तर आपल्या फोनमध्ये नको ते व्हिडिओ पडलेले असतात! कव्हरचा फोटो घ्यायचा, आणि कोण गातंय, कुठे, कधी, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहायचं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते कुठलाही अल्गोरिदम करणार नाही.

महिन्यातला एक रविवार, कुणाच्या तरी घरचा हॉल आणि चहा. मुंबईतल्या नोकरदारांना हे 1990 मध्ये जमलं, मोबाईलशिवाय. आपल्याला जमत नसेल तर सरळ आळस आहे म्हणावं. 'सगळं नेटवर आहे' असं म्हणू नये.