हार्डवेअर वॉलेट घेतलं, पण चोवीस शब्द ठेवले कुठे? धार-देवासच्या क्रिप्टोधारकांसमोरचा खरा प्रश्न

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक किमतीची, म्हणजे सुमारे दोन हजार कोटी रुपयांची क्रिप्टो चोरीला गेली. खातेदारांचे व्यवहार थांबले. प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयात गेलं आणि एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तेव्हाही सगळं परत मिळालं नाही. जे शिल्लक होतं ते प्रमाणात वाटलं गेलं आणि उरलेल्याच्या बदल्यात ‘रिकव्हरी टोकन’ हाती आले. या चोरीला वर्ष होतं न होतं तोच, १९ जुलै २०२५ रोजी, कॉइनडीसीएक्समधून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ग्राहकांचे पैसे सुरक्षित आहेत, तोटा कंपनी सोसेल, असं त्या कंपनीने जाहीर केलं.

तेव्हापासून सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतो: एक्स्चेंजवर काही ठेवू नका, हार्डवेअर वॉलेट घ्या. इंदूरच्या एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला देवास. इथल्या मराठी घरांतली मुलं पुण्या-बंगळुरूला नोकरीला, आई-वडील माळव्यात. अशा घरांतही हा सल्ला फोनवरून पोहोचतोच. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. कारण वझीरएक्सच्या ज्या वॉलेटमधून चोरी झाली, त्या वॉलेटच्या व्यवहारांवर सही करणारी कंपनीची माणसं हार्डवेअर वॉलेटच वापरत होती.

नाव आपलं, टांकसाळ दुसऱ्याची

एक्स्चेंजवरची शिल्लक म्हणजे नक्की काय, हे समजायला धार-देवासचा इतिहास उपयोगी पडतो. १८७६ च्या नेटिव्ह कॉइनेज कायद्याखाली धार संस्थानाने आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या अशा दोन्ही पात्यांनी आपली तांब्याची नाणी ब्रिटिश सरकारच्या टांकसाळीत पाडून घेतली. धारची नाणी १८८७ ची, देवासची १८८८ ची. एका बाजूला संस्थानाचं नाव, दुसऱ्या बाजूला व्हिक्टोरिया राणीचा चेहरा. नाव आपलं, पण ठसा आणि टांकसाळ इंग्रजांच्या ताब्यात.

एक्स्चेंजवरचं खातं जवळपास असंच असतं. स्क्रीनवर नाव खातेदाराचं, आकडा खातेदाराचा, पण चावी कंपनीकडे. क्रिप्टो फोनमध्येही नसते आणि डबीतही नसते. ती ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक वहीतली एक नोंद असते, आणि ती नोंद हलवण्याचा अधिकार एका गुप्त आकड्याला, म्हणजे ‘प्रायव्हेट की’ला असतो. चावी ज्याच्या हातात, माल त्याच्या हातात. हार्डवेअर वॉलेट घेणं म्हणजे ही चावी कंपनीकडून स्वतःकडे आणणं. चावीबरोबर राखणीचं सगळं कामही घरी येतं.

डबी काय करते, अ‍ॅप काय करतं

हार्डवेअर वॉलेट पेनड्राइव्हएवढं, काही हजार रुपयांना मिळणारं यंत्र असतं. चेक प्रजासत्ताकातल्या कंपनीचं ट्रेझर २०१४ मध्ये बाजारात आलं, फ्रान्समधल्या लेजरची स्थापनाही त्याच वर्षीची. प्रत्येकाचं सोबतीचं अ‍ॅप असतं: ट्रेझरचं ‘ट्रेझर सूट’, लेजरचं आधी ‘लेजर लाइव्ह’ आणि आता ‘लेजर वॉलेट’.

अ‍ॅप शिल्लक दाखवतं आणि व्यवहाराचा मसुदा तयार करतं. चावी मात्र अ‍ॅपकडे नसते. मसुदा डबीत जातो, डबीच्या छोट्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम दिसते, माणूस बटण दाबतो, सही डबीच्या आतच होते आणि फक्त सही बाहेर येते. म्हणून संगणकात व्हायरस असला तरी चावी चोरता येत नाही. डबी हरवली आणि कुणी पिनचे अंदाज मारू लागला तर लेजर तीन चुकांनंतर आणि ट्रेझर सोळा चुकांनंतर स्वतःला पुसून टाकतं.

थोडक्यात, अ‍ॅप म्हणजे कारकून आणि डबी म्हणजे सहीचा अधिकारी. कारकुनाने पुढे केलेला कागद न वाचता अधिकाऱ्याने सही केली तर काय होतं, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

वझीरएक्समध्ये चुकलं काय?

त्या वॉलेटला सहा सह्यांची व्यवस्था होती. पाच जण कंपनीचे, सहावी सही लिमिनल या सुरक्षा पुरवणाऱ्या कंपनीची. कंपनीच्या तिघांनी हार्डवेअर वॉलेटवरून मंजुरी द्यायची आणि शेवटी लिमिनलने. चोरीनंतर वझीरएक्सने सांगितलं की पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला व्यवहार वेगळे होते. आपल्या यंत्रणेत शिरकाव झाला नसल्याचं लिमिनलचं म्हणणं राहिलं. जबाबदारीचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: चावी चोरीला गेली नाही, सह्या मात्र मिळवल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं म्हटलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेव्हाही हाच प्रकार झाला. वॉलेटच्या वेबपानात फेरफार झाला होता, सही करणाऱ्यांना नेहमीचाच व्यवहार दिसला आणि हार्डवेअर वॉलेटवरून मंजुरी गेली. डबीच्या पडद्यावर व्यवहाराचा पूर्ण अर्थ न दिसता केलेल्या अशा सहीला ‘ब्लाइंड सायनिंग’, म्हणजे आंधळी सही म्हणतात.

घरगुती पातळीवर हाच धोका लहान रूपात येतो. संगणकातला व्हायरस कॉपी केलेला पत्ता पेस्ट करताना बदलून टाकतो. अ‍ॅपमध्ये आणि डबीच्या पडद्यावर पत्ता एकच आहे का, हे अक्षर-अक्षर ताडून पाहणं हा त्यावरचा उपाय. पहिल्यांदा पाठवताना थोडी रक्कम पाठवायची, ती पोहोचली की बाकीची. एखादी वेबसाइट वॉलेट जोडायला सांगत असेल आणि डबीवर न समजणारी आकडेमोड दिसत असेल तर सही करायचीच नाही.

चोवीस शब्दांचा कागद

डबी पहिल्यांदा सुरू केली की ती बारा किंवा चोवीस शब्द दाखवते. हे शब्द म्हणजेच चावीचं लिहिता येणारं रूप. डबी जळाली, बिघडली, हरवली तरी हे शब्द नव्या डबीत टाकले की सगळं परत येतं. तसंच ते दुसऱ्या कुणाला मिळाले तर त्याला डबीचीही गरज नाही आणि पिनचीही नाही.

हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. त्या यादीच्या जपानी, स्पॅनिश, फ्रेंच अशा आवृत्त्या आहेत, मराठी किंवा हिंदी नाही. त्यामुळे आपल्याकडे शब्द इंग्रजीच असतात, आणि ते इंग्रजी स्पेलिंगनेच, क्रमांक घालून लिहावे लागतात. देवनागरीत उच्चार लिहून ठेवला तर दहा वर्षांनी घरातल्या दुसऱ्या माणसाला नेमकं स्पेलिंग सापडेलच असं नाही. शब्दांचा क्रम बदलला तरी कुलूप उघडत नाही.

चोरांचा डोळा डबीपेक्षा या कागदावर जास्त असतो. २०२० मध्ये लेजरच्या ग्राहकांची माहिती फुटली. त्यात दोन लाखांहून अधिक लोकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर होते. पुढे अशा ग्राहकांना शब्द विचारणारे ईमेल आले, टपालाने पत्रं आली, काहींच्या घरी तर फेरफार केलेल्या नकली डब्याही पोहोचल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत अ‍ॅप स्टोअरवर लेजरच्या नावाचं खोटं अ‍ॅप सापडलं. ते शब्द टाइप करायला सांगायचं. ज्यांनी केले त्यांचं वॉलेट रिकामं झालं.

म्हणून नियम साधा. शब्द फक्त डबीवरच टाकायचे. फोनमध्ये फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही, ईमेल नाही, गुगल ड्राइव्ह नाही. शब्द विचारणारा चोरच, मग तो स्वतःला कंपनीचा माणूस म्हणवो की पोर्टलचा. वापरलेली डबी घ्यायची नाही. खोक्यातच छापलेले शब्द मिळाले तर ती डबी परत करायची, कारण खरी डबी कोरी येते आणि शब्द स्वतः तयार करते. अ‍ॅप जाहिरातीच्या लिंकवरून नाही, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यायचं.

राखणारा कोण?

देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये १९७४ पासून नोटांचं काम चालतं, फाटकावर सीआयएसएफचा पहारा. तरी जानेवारी २०१८ मध्ये याच प्रेसच्या एका अधिकाऱ्याला छपाईत बाद झालेल्या नोटा लपवून नेताना पकडलं गेलं आणि सुमारे ९० लाखांच्या नोटा सापडल्या. पुण्यात गेनबिटकॉइन प्रकरणात पोलिसांनी मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. आरोपींच्या वॉलेटमधली क्रिप्टो परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला गेला.

दोन्ही घटनांत धोका बाहेरून आला नाही, आत ज्याला प्रवेश होता त्याच्याकडून आला. घरातही तेच लागू होतं. ‘सेटअप करून देतो’ म्हणणारा मोबाईल दुकानदार, ओळखीचा मुलगा किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा जाणकार, यांच्यासमोर शब्द पडद्यावर आले की चावीची दुसरी प्रत तयार झाली असं समजावं. मदत घ्यावी, पण शब्द लिहिण्याच्या वेळी खोलीत एकट्याने बसावं.

माघारी काय?

सगळ्यात कमी बोललं जातं ते याबद्दल. बँकेत नॉमिनी असतो, हार्डवेअर वॉलेटला नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका खातेदाराच्या अर्जावर क्रिप्टो ही मालमत्ता असल्याचं म्हटलं. मालमत्ता म्हटली की वारसाहक्क आलाच. पण वारसदार असल्याचा कागद कोर्टातून मिळाला तरी शब्द माहीत नसतील तर डबी उघडणार नाही. गेनबिटकॉइन प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयालाही २०२२ मध्ये आरोपीलाच वॉलेटचा युजरनेम-पासवर्ड ईडीला देण्याचा आदेश द्यावा लागला होता.

मृत्युपत्रात क्रिप्टो आहे आणि ती कुणाला द्यायची, इतकं लिहावं. शब्द मात्र त्यात लिहू नयेत, कारण मृत्युपत्र पुढे अनेकांच्या हाताखालून जातं. शब्दांचा कागद कुठे आहे हे घरातल्या एका विश्वासू माणसाला माहीत असावं. दोन प्रती दोन वेगळ्या जागी, उदाहरणार्थ एक देवासच्या बँक लॉकरमध्ये आणि एक पुण्यात मुलीकडे, अशी सोय आग-पाण्यापासूनही वाचवते. प्रती जितक्या वाढतील तितकी गळतीची भीतीही वाढते, म्हणून दोन पुरेत.

कर आणि तक्रार

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, फक्त खरेदीची किंमत वजा होते. माल एक्स्चेंजवरून स्वतःच्याच डबीत हलवणं म्हणजे विक्री नव्हे. पण पुढे विकताना खरेदी किंमत दाखवावी लागते, म्हणून एक्स्चेंज सोडण्याआधी तिथले सगळे हिशेब उतरवून घ्यावेत.

चोरी झाली तर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार करावी. मालक धारला, वॉलेट पुण्यात, अशी स्थिती असली तरी ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर मान्य करायचं कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. व्यवहाराचा आयडी आणि चोराचा पत्ता सोबत द्यावा. मात्र स्वतःच्या डबीतून गेलेला व्यवहार मागे फिरवणारी बँक इथे नाही. चोरीचा माल एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचला, तरच तिथे गोठवला जाण्याची शक्यता असते.

म्हणून थोडकी रक्कम असलेल्याने डबीचा खर्च आणि जोखीम दोन्ही तोलून पाहावं. मोठी रक्कम असेल तर डबी घ्यावी, पण पैसे मोजण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं तयार असावीत: सही करण्यापूर्वी डबीचा पडदा दर वेळी वाचला जाईल का, आणि मालक उद्या नसला तर तो कागद घरात कुणाला सापडेल? दोन्हींचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत खरेदी थांबवली तरी बिघडत नाही.